200 मीटर मिडले, लेन 5

बालेवाडीच्या तलावावर त्या दिवशी टर्न इन्स्पेक्टर, म्हणजे भिंतीजवळचं वळण नियमानुसार होतं का ते पाहणारी पंच, म्हणून माझी नेमणूक स्टार्टच्या टोकाला होती, लेन 4 आणि 5 वर. 200 मीटर मिडलेत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल ओळीने 50-50 मीटर पोहायचे असतात. 50 मीटरच्या तलावात त्यातलं बटरफ्लाय पलीकडच्या भिंतीला संपतं आणि बॅकस्ट्रोक आमच्या पायाशी. मिडलेत सर्वाधिक मुलं बाद होतात ती माझ्या मते याच टर्नला.

नुसत्या बॅकस्ट्रोकच्या शर्यतीत भिंतीजवळ पोटावर पलटी घेऊन टर्न मारता येतो. मुलांच्या अंगात तीच सवय भिनलेली असते. मिडलेत मात्र बॅकस्ट्रोकचा टप्पा शर्यत संपवावी तसाच संपवायचा. हात भिंतीला लागेपर्यंत पाठीवरच राहायचं. खांदा कलला तर हरकत नाही, पण 90 अंशांच्या आत.

मुलींच्या फायनलला लेन 5 बटरफ्लायपासूनच पुढे होती. फार सुंदर पोहत होती. भिंतीआधीच्या झेंड्यांखालून आली, उजवा हात भिंतीकडे टाकला आणि त्याच वेगात डावा खांदा उभ्या रेषेपलीकडे गेला. छाती तळाकडे झाली, मग बोटं टेकली. मी हात वर केला, कार्ड भरून रेफरींकडे दिलं. ती पहिली आली. गॅलरीत जल्लोष सुरू होता आणि बोर्डावर तिच्या नावापुढे डीक्यू, म्हणजे बाद, लागलं.

रेफरींनी निर्णय कायम केल्यावर तिचे कोच माझ्याकडे आले. "मॅडम, ती एवढी पुढे होती. त्या टर्नने तिला असा काय फायदा झाला?"

"लेन 4 ची मुलगी पाठीवर टच करून, मग वळून निघाली, सर. तिने त्यात वेळ घालवला, तो नियमासाठीच ना?"

ते गप्प झाले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या फायनलला अमेरिकेची ॲलेक्स वॉल्श वेळेनुसार तिसरी होती. याच टर्नला ती बाद झाली आणि कांस्यपदक ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककिओनला मिळालं. तिथे पदक फिरतं, तर इथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सूट देऊन आपण तिला काय शिकवणार? मुलं लहान आहेत म्हणून डोळेझाक करणारे पंच मला मुळीच पटत नाहीत. पुढे मोठ्या स्पर्धेत त्याची किंमत त्या मुलांनाच मोजावी लागते.

दुपारच्या सत्राआधी ती स्वतःच आली. डोळे लाल होते, पण प्रश्न नेमका होता. "मॅडम, मी टचच्या किती आधी वळले?"

मी भिंतीपासून वीतभर अंतर दाखवलं.

"मग रिलेत 50 ला पलटी घेतली तर?"

"4 × 100 मिडले रिलेत पहिला बॅकस्ट्रोक तुझाच ना? 50 ला तो टर्न आहे, घे बिनधास्त. 100 ला मात्र पाठीवरच टच."

"चालेल," म्हणाली आणि कॅप चढवत वॉर्म-अपला गेली.