तुम्ही विचारलंत म्हणून: माफी फुकटच आहे, तर नीट वागायचं कशाला?

नाताळच्या फराळाला आलेले शेजारी विचारतात, ऑफिसात डबा खाताना सहकारी विचारतात, कधी कुणी चिडूनही विचारतं. "तुमच्यात बरं आहे बाबा. येशूवर विश्वास ठेवला की सगळी पापं माफ! मग माणसानं नीट वागायचं कशाला? आठवडाभर लोकांचे पैसे बुडवायचे आणि रविवारी माफी मागून मोकळं व्हायचं."

प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. येशूचा प्रेषित पौल यानं इसवी सन ५७ च्या आसपास रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, जे पत्र लिहिलं, त्याचा सहावा अध्याय याच प्रश्नानं सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? म्हणजे कृपेची शिकवण जिथं जिथं गेली, तिथं तिथं ही शंका तिच्या मागोमाग गेली. एका वाक्यात उत्तर द्यायला गेलं की ते गुळगुळीत होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी 'पाप' या शब्दाचं बघू, कारण निम्मा घोटाळा तिथंच आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, पापासाठी तीन हिब्रू शब्द वारंवार येतात. एकाचा अर्थ नेम चुकणं, दुसऱ्याचा वाकडं होणं, तिसऱ्याचा बंड करणं. यातला पहिला आपल्याकडच्या माणसाला चटकन कळावा. शास्ते नावाच्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे, असं तिथं लिहिलं आहे. त्या 'चुकणं'साठी जे क्रियापद वापरलंय, तेच इतरत्र 'पाप करणं' या अर्थानं येतं.

ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दोरी सोडायची वेळ एवढीशी मागंपुढं झाली की दगड पाखरांवर न जाता भलतीकडं जातो. कधी शेजारच्या रानात, कधी बांधावरच्या माणसावर. गोफण वाईट नसते, दगड वाईट नसतो, हातातली ताकदही देवानंच दिलेली असते. ती भलतीकडं गेली, ते पाप. आणि चुकलेला दगड कुणाला तरी लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्याकडं परत यायचं आहे.

आता 'पापं' आणि 'पाप' यांत फरक आहे. खोटं बोललो, मापात मारलं, बायकोवर हात उगारला, ही पापं. त्यांच्या मुळाशी जो ओढा आहे, स्वतःलाच केंद्र मानायचा, ते पाप. काळ्या रानातली हराळी खुरपून बघा. वरचा पाला जातो, रान दोन दिवस स्वच्छ दिसतं, पण खालच्या कांड्या शाबूत असतात. पहिला पाऊस पडला की पुन्हा हिरवं. ख्रिस्ती शिकवण म्हणते की माणूस स्वतःच्या निश्चयानं पाला खुरपू शकतो, कांड्या काढू शकत नाही. पेलागियस नावाच्या साधूचं म्हणणं होतं की मनावर घेतलं तर माणूस आपल्या बळावर निष्पाप राहू शकतो. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला, आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसचं मत नाकारलं. 'मूळ पाप' म्हणतात ते याच न निघणाऱ्या कांड्यांना. तान्ह्या बाळानं काही गुन्हा केलाय, असा त्याचा अर्थ नाही. बाळ ज्या रानात उगवलंय, त्या रानात हराळी आधीपासून आहे, एवढाच अर्थ.

याला जोडून एक गैरसमज आहे, तो मला सगळ्यांत क्रूर वाटतो. संकट आलं म्हणजे पाप केलं असणार, हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, अशी घरं होती. धक्का बसला तशा भिंती फुगून कोसळल्या आणि माळवद अंगावर आलं. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, कुणाच्या तरी पापाचं फळ. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशूनं याचं थेट उत्तर दिलंय. शिलोहाचा बुरुज पडून १८ माणसं दगावली होती. ती यरुशलेमेत राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून तो स्वतःच 'नाही' म्हणाला. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तिथंही उत्तर तेच: याचं नाही, आईबापाचंही नाही.

ही दोन उत्तरं मराठवाड्यात किती खोल गेली असतील, याचा विचार करा. इथल्या मंडळ्यांतली कितीतरी घरं गावकुसाबाहेरून आलेली. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा तिथं आलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं होतं की तुमचा जन्म हेच तुमच्या मागच्या पापाचं फळ. त्यांच्या कानावर रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय पडला: भेद नाही, सगळ्यांनीच पाप केलंय. वरून कठोर वाटणारं हे वाक्य त्यांना सुटकेचं वाटलं असणार. पाटलाच्या वाड्यातला आणि वेशीबाहेरच्या झोपडीतला, दोघांच्या रानात हराळी सारखीच. (पुढं ख्रिस्ती मंडळ्यांनी आपसात जात पाळली तेव्हा याच वाक्याशी बेइमानी केली, हेही सांगितलं पाहिजे.)

आता कृपा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभूची प्रार्थना म्हणताना ओळ येते: 'तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मत्तयच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कर्ज असाच आहे. आणि कर्ज म्हणजे काय, हे मराठवाड्यात समजावून सांगावं लागत नाही.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या. एका चाकराकडं राजाचं दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. शेतमजुरीचा रोज ३०० रुपये धरा, आकडा होतो १,८०० कोटी. चाकर पाया पडून म्हणतो, जरा दम धरा, सगळं फेडतो. किती केविलवाणं आहे हे! दोन लाख वर्षांचं देणं, आणि हा मुदतवाढ मागतोय. राजा हप्ते बांधून देत नाही, व्याज कमी करत नाही. सगळं सोडून देतो. बुडीत रक्कम राजाच्या अंगावर पडते. म्हणजे माफी चाकराला फुकट, राजाला नाही. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडं बघतो तो असा. कर्ज हवेत विरलं नाही, ज्याचं येणं होतं त्यानंच ते सोसलं.

तोच चाकर बाहेर येतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. आपल्या हिशेबात तीस हजार रुपये. ही रक्कम खोटी नाही, क्षुल्लकही नाही. तीन-चार महिन्यांची मजुरी आहे. तरी १,८०० कोटींच्या शेजारी तिला ठेवून बघा. राजा त्याला परत बोलावतो आणि माफी मागं घेतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर या दाखल्यातच आहे: ज्याच्या वागण्यात माफी उतरली नाही, त्यानं ती घेतलीच नव्हती.

एका शब्दाचा मात्र आपल्याकडं रोज घोळ होतो. 'तारण'. तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या पाटीवर लिहिलेलं असतं, 'सोनेतारण कर्ज'. म्हणजे काहीतरी ठेवा, मग पैसे मिळतील. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, 'तारण' म्हणतात ते नेमकं उलट: ठेवायला हातात काहीच नसताना मिळालेलं. पण माणसाच्या डोक्यातून पतसंस्था जात नाही. उपास ठेवतो, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देतो, कन्व्हेन्शनच्या मोठ्या सभेला पहिल्या रांगेत बसतो, आणि मनात हिशेब असतो की आता देवाला नाही म्हणता येणार नाही. बायबलमधल्या शिमोन जादूगारानं पवित्र आत्म्याचं दान विकत मागितलं, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र यानं त्याला पैशासकट झिडकारलं. जो देणगीच्या बदल्यात आशीर्वाद विकतो, किंवा आमिष दाखवून विश्वास विकत घेतो, तो त्या शिमोनाच्याच दुकानात बसलाय.

इफिसकरांस पत्रात आणखी एक व्यवहारातला शब्द आहे, 'विसार'. आपण जमिनीच्या सौद्यात इसार देतो, तोच. पवित्र आत्मा हा पुढं मिळणाऱ्या वतनाचा विसार आहे, असं तिथं म्हटलंय. इसार दिला म्हणजे सौदा पक्का, पण ताबा अजून यायचा. म्हणून तारणाबद्दल नवा करार तिन्ही काळांत बोलतो: तारण झालं आहे, होत आहे, होणार आहे. विश्वासणारा माणूस अजून का चुकतो, याचं उत्तर इथं आहे. हराळीच्या कांड्या निघायला आयुष्य लागतं.

मग कर्मांचं काय? याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवी, नववी आणि दहावी ही तीन वचनं सलग वाचा. बहुतेक जण नवव्यावर थांबतात. आठ-नऊ म्हणतात, तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. दहावं म्हणतं, आपल्याला घडवलंय ते सत्कर्मं करण्यासाठी. कर्म आहेच, फक्त त्याची जागा नंतरची. नव्या करारातला दुसरा पत्रलेखक याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. पौल विचारतो झाड कशानं लागतं, याकोब विचारतो फळ कुठं आहे. यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चारशेहून जास्त वर्षं भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच सत्कर्मांसाठी बळ देतो. २००६ मध्ये मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. बारीक मतभेद राहिले आहेत, पण तुमच्या प्रश्नावर दोघांचं उत्तर एकच.

आता दगड लागलेल्या माणसाकडं येऊ. देवानं माफ केलं, पण ज्याचे पैसे बुडवले त्याचं काय? पवित्र शास्त्र इथं फार रोखठोक आहे. जुन्या करारातलं गणना हे पुस्तक, पाचवा अध्याय: पाप कबूल करायचं, मुद्दल परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार. ज्याचं देणं तो हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. निर्गम, बाविसावा अध्याय: मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, बैल असेल तर पाच. जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेला आणि उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट. क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी गेला, पैसे नंतर निघाले. पण निघाले.

कॅथलिक पापनिवेदनात काय होतं, याबद्दलही भलतीच कल्पना असते. आधी आत्मपरीक्षण, मग मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, मग फादरांपुढं कबुली, आणि त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टालासुद्धा नाही. पण निर्धारच नसेल, पुढच्या आठवड्यात तेच करायचं मनात पक्कं असेल, तर उच्चारलेली क्षमा लागूच होत नाही. चोरी असेल तर माल परत करण्याची जबाबदारी प्रायश्चित्ताच्या प्रार्थनांनी फिटत नाही. प्रोटेस्टंट उपासनेत सगळे मिळून कबुली देतात, आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी, प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करायची असते. त्यात धोका हा की सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज लपतो. "आम्ही पापी आहोत" म्हणणं सोपं. "मी अमक्याच्या बांधावरचं झाड कापलं" म्हणणं अवघड. मत्तयच्या पाचव्या अध्यायात म्हणूनच सांगितलंय की अर्पण वेदीपाशी आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये.

शेवटचं, आणि हे आमच्याच मंडळ्यांना सांगायचं आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यानं रविवारी रडून माफी मागितली, की चार वडीलधारी त्याच्या बायकोला म्हणतात, "देवानं माफ केलं, तू कोण नाही म्हणणारी?" हा कृपेचा उघड गैरवापर आहे. माफीचा दाखला मारणाऱ्याच्या हातात देऊन मार खाणाऱ्याचा गळा धरायचा, हे त्या चाकराचंच वागणं झालं. तिनं मनातून सूड सोडावा, हे येशू तिला सांगतो. पण तिच्या वेळेनं, आणि ती सुरक्षित जागी असताना. माफ करणं आणि त्याच घरी परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती त्याला माफ करू शकते आणि पोलिसांत तक्रारही देऊ शकते, एकाच दिवशी. त्याला खरंच पश्चात्ताप झाला असेल, तर ती त्या तक्रारीवर सही करत असताना तो तिच्या आड येणार नाही.