चंद्राभोवतीचं पिवळं

मी इंग्लंडमधे पेंटिंग कॉन्झर्व्हेटर आहे. नातेवाइकांना 'जुनी चित्रं दुरुस्त करते' एवढंच सांगते, कारण चित्रावरची काजळी काढायला आम्ही बऱ्याचदा स्वतःची थुंकी वापरतो हे कळलं तर आई फोनच ठेवेल. पण आहे तसंच. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा, मग चित्रावर हलक्या हाताने, काळा झाला की फेकायचा (परत तोंडात नाही घालायचा, हे नवीन पोरांना खरंच सांगावं लागतं). थुंकीतल्या एन्झाइम्समुळे जे निघतं ते नुसत्या पाण्याने निघत नाही. खालचं म्हातारं, पिवळं पडलेलं व्हार्निश मात्र थुंकीला दाद देत नाही, त्याला सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) लागतं, आणि माझं डोकं अजून त्या पिवळ्यातच अडकलंय.

चित्र ॲटकिन्सन ग्रिमशॉचं. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही, इकडे यॉर्कशायरमधे मात्र तो घरचा माणूस. १८३६ मधे लीड्सला जन्म, घर कडक बॅप्टिस्ट (ख्रिश्चनांमधला एक पंथ), आईला चित्रं काढणं अजिबात पसंत नव्हतं. रेल्वेत क्लार्क होता, १८६१ मधे ती नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला, आणि पुढे एकच गोष्ट इतकी सुंदर काढली की लोकांनी त्याला दुसरं काही काढू दिलं नाही. चांदणं, पावसाने ओला रस्ता, दोन्ही बाजूला दगडी भिंती, पानं गळलेली झाडं, लांब एकटी चालणारी बाई. १८८० च्या आसपास पैशाची चणचण आली तेव्हा हेच रस्ते परत परत काढून त्याने घर चालवलं. त्याच्याच काळातला नावाजलेला चित्रकार व्हिसलर म्हणे म्हणाला होता, नॉक्टर्न (रात्रीची चित्रं) मीच शोधले असं मला वाटायचं, ग्रिमीची चांदण्यातली चित्रं बघेपर्यंत. माझं स्वतःचं मत, व्हिसलरपेक्षा ग्रिमशॉच्या रस्त्यावर जास्त थंडी वाजते.

तर एक रिटायर्ड गृहस्थ त्यांच्या आजोबांपासून घरात असलेला ग्रिमशॉ घेऊन आले. इतकी वर्षं कोळशाच्या शेगडीवर टांगलेला, म्हणजे काजळी किती असेल ते समजून घ्या. वरच्या कोपऱ्यात आकाशाचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ, निळसर राखाडी. कोणीतरी कधीकाळी तेवढाच साफ करून सोडून दिलेला. गृहस्थांनी त्यावर बोट ठेवून सांगितलं, हा खरा रंग, सगळं आकाश असं करून द्या, चंद्र पांढरा दिसला पाहिजे. फोनवर लिलावातल्या दुसऱ्या ग्रिमशॉंचे फोटोही दाखवले. त्या फोटोंबद्दल न बोललेलंच बरं, एकच चित्र दोन साइटवर दोन रंगांत दिसतं.

यूव्ही दिव्याखाली जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं. सगळं चित्र चमकत होतं, तो तुकडा सोडून. म्हणजे तिथलं व्हार्निश गेलेलं, इथपर्यंत गृहस्थ बरोबर होते. पण मग मायक्रोस्कोप लावला आणि पूर्ण सकाळ तिथेच गेली. त्या तुकड्यात फांद्यांची टोकं तुटक होती. ग्रिमशॉच्या डहाळ्या केसाएवढ्या बारीक असतात आणि अख्ख्या असतात, त्या अशा मधेच विरत नाहीत. मग तुकड्याच्या हद्दीबाहेर, न साफ केलेल्या भागात, एका डहाळीचा रंग जरासा टवका उडून गेलेला सापडला, आणि टवक्याच्या खाली पिवळा थर. आकाशाच्या वर, डहाळीच्या खाली! व्हार्निश तर सगळं झाल्यावर शेवटी लावतात, ते फांदीच्या खाली कसं जाईल? शिवाय त्या थरात पिवळ्या रंगाचे कण दिसत होते, जे व्हार्निशमधे असायचं कारण नाही. म्हणजे दोन पिवळे होते. वरचा काळाने आणलेला, खालचा ग्रिमशॉने स्वतः लावलेला, पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक रंगाचा थर. आणि ज्याला गृहस्थ खरा रंग म्हणत होते ती चक्क जखम होती.

वाईट हे की दोन्ही थर जवळपास एकाच सॉल्व्हंटला विरघळतात, कारण त्या काळात रंगात राळ मिसळायची फॅशनच होती. ग्रिमशॉच्या बाबतीत ब्रशचे फटकारेही मदतीला नाहीत, पृष्ठभाग इतका गुळगुळीत की त्याच्या हयातीतच काही लोक म्हणायचे ही चित्रं नाहीतच, फोटोवर रंग फासलाय (फोटो वापरायचा तो, पण म्हणून काय). १८९३ मधे गेला तेव्हा मागे ना डायरी ठेवली ना पत्रं. विचारणार कोणाला?

दुपारी गृहस्थांना बोलावून स्क्रीनवर तो टवका दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे तुम्हाला मायक्रोस्कोपमधून दिसतं, मी चित्र सोफ्यावरून बघणार आहे." आमचे सीनियर, ज्यांचा हात माझ्यापेक्षा दसपट स्थिर आहे आणि कणा त्या मानाने जरा लवचिक, मला बाजूला घेऊन म्हणाले, अगं थोडं अजून उतरव की, गिऱ्हाईक खूश होईल. मी म्हटलं उतरवलेलं परत चढवता येत नाही, तुम्हीच शिकवलंत. त्यावर गप्प.

शेवटी मी व्हार्निश पातळ केलं, पूर्ण काढलं नाही, थोडं ग्लेझवर मुद्दाम राहू दिलं. जखमेच्या तुकड्यावर नवीन व्हार्निशचा थर देऊन त्याच्यावर कधीही पुसता येईल असा रंग लावला, तो बाकीच्या आकाशात मिसळेपर्यंत. रस्त्यावरचं पाणी काय उजळलं म्हणून सांगू, चाकोऱ्यांमधला उजेड वेगळा दिसायला लागला. चंद्र अर्थातच पांढरा झाला नाही.

गृहस्थांनी पैसे दिले, तक्रार केली नाही, फक्त "अजून पिवळंच आहे" एवढं म्हणाले. आणि खरं सांगायचं तर चित्र त्यांचं, भिंत त्यांची, मी कोण? पण मग ग्रिमशॉच्या बाजूने बोलायचं कोणी, हेही सुटत नाही. पुढच्या माणसाला कळावं म्हणून टवक्याचा फोटो आणि रिपोर्टची प्रत पाकिटात घालून फ्रेमच्या मागे लावली होती. दारातून निघता निघता त्यांनी विचारलं, हे पाकीट काढून टाकलं तर चालेल ना?