अ, ब, क आणि पुन्हा अ

अनेक पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर ते दोन-दोन घेऊन ताडून पाहावेत, हा सल्ला सोयीचा आहे. कारण ‘या दोहोंत सरस कोणता’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर सहसा कोणालाही देता येते. पंचाईत होते ती सगळी उत्तरे एकत्र मांडल्यावर. अ हा बपेक्षा सरस, ब हा कपेक्षा सरस आणि तरीही क हा अपेक्षा सरस, असे चक्र निघते आणि पहिला क्रमांक कोणाला द्यावा, हेच कळेनासे होते.

अशा चक्राचे खापर आपण लगेच निष्काळजीपणावर फोडतो. मला ते पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच जुगार होते. जिंकण्याची शक्यता २४ पैकी ७ पासून ११ पर्यंत एकेकाने वाढत जाई, तर बक्षीस ५ डॉलरपासून पाव-पाव डॉलरने उतरत ४ डॉलरवर येई. शक्यता आकड्यात न सांगता वर्तुळाच्या काळ्या भागाने दाखवली होती. लागोपाठच्या दोन जुगारांत तो फरक डोळ्यांना जेमतेम जाणवे, म्हणून निवड बक्षिसावरून होई. पहिला आणि पाचवा जुगार समोरासमोर आले, की मात्र शक्यतेतला फरक ठसठशीत दिसे आणि कौल उलटा पडे. (सहभागी विद्यार्थी आधीच्या चाचणीतून निवडून घेतलेले होते, त्यामुळे सगळी माणसे असेच वागतात, असा अर्थ त्यातून काढू नये.) प्रत्येक उत्तर आपापल्या जागी समंजस होते, जोडी बदलली तसा निकष बदलला, एवढेच.

‘किती पटीने सरस’ असे विचारले, की चक्र नसतानाही विसंगती येते. गणितज्ञ थॉमस साटी यांच्या जोडीजोडीने तुलना करण्याच्या पद्धतीत उत्तर १ ते ९ या मापात द्यायचे असते आणि सगळी उत्तरे एका तक्त्यात मांडली जातात. अ हा बच्या ५ पट आणि ब हा कच्या ३ पट महत्त्वाचा म्हटला, तर अ हा कच्या १५ पट ठरायला हवा. पण माप ९ वरच संपते, म्हणजे इथे विसंगती माणसाच्या गळ्यात मापानेच बांधलेली असते. साटी थोडी विसंगती चालवून घेतात. उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत, हे सांगणारे त्यांचे विसंगतीचे गुणोत्तर साधारणपणे ०.१० पर्यंत असावे, असा दंडक आहे, आणि वरच्या उदाहरणात १५ च्या जागी ९ हा आकडा घातला तर ते ०.०३ च्या आतच राहते.

या दंडकाचा वापर मात्र अनेकदा उलटा होतो. गुणोत्तर ०.१० च्या वर गेले, की दोन-चार आकडे इकडेतिकडे करून ते खाली आणले जाते आणि तक्ता निर्दोष ठरतो. अशा तक्त्यापेक्षा मला विसंगत तक्ता अधिक विश्वासाचा वाटतो, कारण नेमके कुठे अडले, हे त्यात निदान दिसते. ज्या तीन पर्यायांची उत्तरे एकमेकांशी सर्वांत कमी जुळतात ते बाजूला काढावेत, त्यांच्या तिन्ही जोड्या पुन्हा विचाराव्यात आणि प्रत्येक उत्तर देताना कोणता निकष मनात होता, तेही लिहून घ्यावे. निकष तिन्ही वेळा एकच असेल, तर आकडा चुकला असण्याची शक्यता अधिक आणि तो दुरुस्त करता येतो. निकष वेगवेगळे निघाले, तर आकड्यांना हात न लावता प्रत्येक निकषासाठी स्वतंत्र तुलना मांडावी.