तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकचे डोंगर, पण कोणत्या महिन्यात?

"नाशिकला दोन दिवस येतोय. देवदर्शन होईलच, पण डोंगर-पाणी बघायला कुठे जाऊ?" असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारते, येताय कोणत्या महिन्यात? समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. पण घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तिथून तासाभराच्या अंतरावर नाशिक शहरात साधारण 700, आणि पुढे सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. त्यामुळे जुलैत हरिहर किल्ला चढायला जाणं आणि जुलैत नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यातले पक्षी बघायला जाणं, दोन्ही चुकाच. एकीत जीव टांगणीला, दुसरीत नुसतं पेट्रोल वाया.

तेव्हा महिन्याप्रमाणे सांगते.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर गाडीतूनच बघा. त्र्यंबक रस्त्यावर पेगलवाडी फाट्याला डावीकडे वळायचं, पहिन्यावरून वैतरणा धरणाच्या बाजूने घोटी गाठायची आणि मुंबई महामार्गाने परत यायचं. मनात आलं तर घोटीवरून इगतपुरीला जाऊन भावली धरण करता येतं. या दिवसांत खाचरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते आणि ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यांवरून पाणी सुटलेलं असतं. सकाळी सातच्या आत शहर सोडा. शनिवार-रविवारी दहानंतर पहिन्याला गाड्या अशा अडकतात की धबधब्यापेक्षा पुढच्या गाडीची नंबरप्लेट जास्त वेळ दिसते. वळणावर गाडी लावू नका, धुक्यात मागून येणाऱ्या एसटीला ती दिसत नाही. वन खातं आणि पोलीस धबधब्यांवर बंदी घालतात, ती दरवर्षी बदलते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

दुगारवाडीचं मात्र वेगळं आहे. त्र्यंबकच्या पुढे जव्हार रस्त्यावरून आत जाऊन दरीत उतरल्यावर हा धबधबा येतो, आणि दिसतो झकास. घोळ वाटेतल्या ओढ्याचा. जाताना घोट्याएवढं पाणी असतं. तुम्ही पलीकडे असताना वरच्या डोंगरात जोराची सर आली की अर्ध्या तासात तेच पाणी कमरेला लागतं, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनही पडलेलं असू शकतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये पर्यटक असेच अडकले होते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला, की फोटो राहू द्या आणि अलीकडे या. अलीकडे येणं जमलंच नाही तर उंच जागी बसून पाणी ओसरायची वाट बघा, दोर धरून ओढा ओलांडायचं धाडस करू नका. माझं विचाराल तर दुगारवाडी सप्टेंबरच्या अखेरीस करावी. तेव्हा पाणी पुरेसं असतं आणि ओढा शहाण्यासारखा वागतो.

सप्टेंबरात अंजनेरी. गावातून वर पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे घरच्या मोठ्या माणसांनाही निम्मा डोंगर चढल्याचं समाधान मिळतं. पुढे घळीतल्या पायऱ्या, वाटेत जैन लेणं, मग पठार, अंजनीमातेचं मंदिर आणि तळं. बहुतेक लोक इथूनच फिरतात. माथ्यावरचं मंदिर अजून एक चढ चढून आहे, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. पठारावर फुलं बघायची तर मळलेली वाट सोडू नका. कंदीलपुष्पाची सेरोपेजिया अंजनेरिका ही जात याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते, आणि ती गवतात इतकी बेमालूम मिसळते की पायाखाली गेली तरी कळत नाही. माकडं थेट हातातली पिशवी ओढतात. खाऊ सॅकमध्ये ठेवा, सॅकची चेन लावा.

आता हरिहर. ज्या फोटोमुळे सगळे विचारतात, तो याच किल्ल्याच्या पायऱ्यांचा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा, आणि शक्यतो मधल्या वारी. वाटा दोन आहेत. निरगुडपाड्याकडून चढाई दीड-दोन तासांची. हर्षेवाडीकडून तासाभरात पायऱ्यांशी पोचता, कारण गावच उंचावर आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हर्षेवाडीच. पायऱ्यांचा चढ साठ अंशांच्या पुढे आहे, पण प्रत्येक पायरीला दोन्ही कडांना हाताच्या खोबण्या खोदलेल्या आहेत. हात खोबणीत, पाय पायरीच्या मध्यावर, आणि एका वेळी एकच अवयव हलवायचा. वर दरवाजा लागतो, त्यापुढे कातळाच्या पोटातून वाकून जायची आडवी वाट आणि पुन्हा पायऱ्या. पाठीवरची सॅक उंच असेल तर या आडव्या वाटेत ती वरच्या दगडाला घासते आणि माणूस दरीकडे ढकलला जातो, म्हणून सॅक छोटी न्या. पाण्याची बाटली सॅकच्या आत ठेवा. बाहेरच्या कप्प्यातली बाटली निसटली तर खालच्या माणसाच्या डोक्यावर जाते.

उतरताना तोंड कातळाकडे करायचं, शिडी उतरतो तसं. पाय अडकून रडकुंडीला आलेले लोक बहुतेक पाठ कातळाकडे करून बसत बसत उतरत असतात. गर्दीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, आणि तोल तिथेच जातो. दरवाजाशी थांबा, खालची रांग वर येऊ द्या, मग निघा. पाऊस असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तर पायरीवर शेवाळाचा पातळ थर असतो, बूट कितीही महागाचे असोत. हातमोजे घालू नका, खोबणीत पकड बसत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले, कित्येकांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या, या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. माथ्यावर तळं, हनुमानाची मूर्ती आणि दगडी कोठार आहे. समोर ब्रह्मगिरी, शेजारी बसगड आणि उतवड.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेकडे वळा. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, आणि बंधाऱ्याला नको असलेला तोच गाळ पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. सूर्योदयाला मनोऱ्यावर असायचं, म्हणजे शहरातून पाचला निघायचं. नऊनंतर पाण्यावर ऊन चमकतं आणि सगळी बदकं काळीच दिसतात. दुर्बीण न्या, 8 बाय 42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. मोबाइलवर काही येणार नाही, नाद सोडा. वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक सहज दिसतात. वर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो आणि तो खाली आला की पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उडतात. पक्षी किती जवळ दिसतील हे पाण्याच्या पातळीवर असतं. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं की ते इथूनच जातं. पातळी चढते, चिखलाची काठं बुडतात आणि पाणथळीचे पक्षी लांब सरकतात. म्हणून जायच्या आदल्या आठवड्यात गंगापूर-दारणाच्या विसर्गाची बातमी वाचा. लाल-पिवळे कपडे घरी ठेवा.

साल्हेरला मुक्कामाच्या तयारीने जा. बागलाणातला हा किल्ला 1567 मीटर उंच, राज्यातला सर्वात उंच, आणि 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतला. एका दिवसात जाऊन-येऊन होतो, पण मग परशुरामाच्या मंदिराशी फक्त धापाच टाकल्या जातात.

एप्रिल-मे? पेठ रस्त्यावर आशेवाडीच्या डोक्यावरचा रामशेज, पहाटे साडेपाचला चढायला लागून आठच्या आत खाली. औरंगजेबाच्या फौजेला या बुटक्या किल्ल्याने पाच वर्षांहून अधिक झुंजवलं. तो खालून बघितला की ते खरं वाटत नाही. वर सावली नाही.

आणि तारखांकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी अख्खं त्र्यंबक रस्त्यावर असतं. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेलाही तेच. चैत्र आणि नवरात्रात वणीच्या सप्तशृंगीला निघालात तर खासगी गाडी पायथ्याच्या नांदुरीलाच ठेवून एसटीने वर जावं लागतं. या दिवसांत डोंगराचा बेत त्र्यंबक-वणीच्या उलट्या दिशेला करा, किंवा सरळ पुढच्या आठवड्यात या.