दोन रेघा

मावशीची पाककृतींची वही वर्डमध्ये टाइप करून पुस्तिका छापायचं मी हौसेनं अंगावर घेतलं. वहीत मापांखाली रेघा होत्या, काही लाल, काही निळ्या. मी सगळ्यांना एकच न्याय लावला. शब्द सिलेक्ट करायचा, कंट्रोल-बीनं जाड करायचा, पुढचा शब्द.

छापखान्यातून नमुन्याचं पान आलं, तर '२ चमचे शुद्ध तूप' यातला 'द्ध' शाईनं बुजलेला. "जाड नको, तिरकं करून बघा," म्हणाले. पण तिरकी देवनागरी मला बघवत नाही. शिरोरेषा जागच्या जागी सरळ, आणि खाली काने तेवढे कलंडलेले, वादळानंतरच्या कुंपणासारखे. मापांना वेगळा फॉन्टच द्यायचं ठरवलं.

कंट्रोल-एच, म्हणजे शोधून बदलायची खिडकी, उघडून 'जाड ते साधं कर' म्हटलं आणि मापांबरोबर जाड केलेल्या टिपाही साध्या झाल्या. वर्डला जाडपणा दिसतो, जाड का केलंय ते त्याला कुठून कळणार? मुकाट्यानं अन्डू केलं. मग 'माप' नावाची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे शब्दांना लावायचं नाव दिलेलं रूप, केली आणि एकेक जाड शब्द शोधून, हे माप की टीप ते बघत, ती लावत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी स्टाइलचा फॉन्ट बदलला, तर बदलले फक्त इंग्रजी आकडे! देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशा वेगळ्या खान्यात असतो. तिथं बदलला मात्र, सगळी पुस्तिका एका दमात पालटली. दुसऱ्याच दिवशी मिरवत मावशीकडे गेलो.

तिनं चष्मा लावून चार पानं उलटली. "लाल रेघा कुठे गेल्या रे?"

"लाल-निळ्या एकच केल्यात."

"एकच कशा? लाल म्हणजे सासूबाईंचं माप. निळी माझी."

साखरभातावर बोट ठेवून तिनं दाखवलं. लाल रेघेवर साखर तांदळाच्या दुप्पट, निळीवर दीडपट. चाळीस वर्षांचा वाद, आणि मी तो एका कंट्रोल-बीनं मिटवून बसलो होतो!

आता 'सासूबाई' आणि 'मावशी' अशा दोन स्टाइल केल्यात. वही शेजारी ठेवून 'माप' काढतोय, त्या लावतोय. पुरणपोळीपाशी अडलो. तिथं एकाच मापाखाली दोन्ही रेघा.

"तेवढं एक आमचं जमलं होतं," मावशी म्हणाली.

वर्डमध्ये एका शब्दाला एका वेळी एकच कॅरेक्टर स्टाइल लागते. म्हणून तिसरी केलीय. नाव सुचेपर्यंत ती 'स्टाइल १'.