येझदीवर पुणे ते म्हैसूर, आणि मागून जाणाऱ्यांसाठी थोडं

जुनी गाडी नीट केली की लोक लडाखचं नाहीतर गोव्याचं बोलायला लागतात. आम्ही म्हैसूर धरलं, कारण आमच्या येझदी मोटरसायकली बनल्याच तिथे. यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनायच्या, १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. २०२२ मध्ये येझदी नावाच्या नवीन गाड्या आल्या खऱ्या, पण त्या फोरस्ट्रोक, आमच्या जुन्या टूस्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, त्यामुळे नव्यांचा विषय इथे नाही. माझी ८४ ची क्लासिक आहे, मित्राची तिच्यापेक्षा थोडी नंतरची. मित्राला इथे पंप्या म्हणतो, खरं नाव टाकलं तर शिव्या घालेल.

दोन्ही गाड्या रिस्टोअर केलेल्या, पण फरक जमीन अस्मानाचा. पंप्याची गाडी बघून माणसं थांबतात, टाकीवरचं क्रोम इतकं चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. माझीचा रंग दोन ठिकाणी उडालाय, मडगार्डला पोचा आहे, पैसे सगळे आत गेलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको, लांब जायचं असेल तर क्रोम, पेंट, सीट कव्हर हे सगळ्यात शेवटी आणि वायरिंग, सील, केबल, बेअरिंग हे आधी. बहुतेक जण उलटं करतात, कारण फोटोत सील दिसत नाही.

वर्षानुवर्षं उभी राहिलेली टूस्ट्रोक असेल तर इंजिनातल्या क्रँकची रबरी सीलं बदलल्याशिवाय शहराबाहेर काढूच नका. रबर वाळून कडक झालेलं असतं, तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिक्श्चर लीन होतं म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं आणि हायवेला पिस्टन धरतो, म्हणजे आतच जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर वेगळीच गंमत, इंजिन गिअरबॉक्सचंच ऑइल ओढून जाळतं, मागे ढगच्या ढग पांढरा धूर, आणि लोकांना वाटतं 2टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, जास्त पडलं. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय का एवढं बघितलं की उत्तर मिळतं. सायलेन्सरचे बॅफल (आतल्या नळ्या) बाहेर काढून जाळून साफ करून घ्या, येझदीला एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, म्हणजे कार्बन पण दोन ठिकाणी साठतो, आणि चोंदलेल्या सायलेन्सरची गाडी चढाला दम टाकते मग आपण उगीच कार्ब्युरेटर खोलत बसतो. पॉइंटची, म्हणजे प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या स्विचची, गॅप ०.४ मिमी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), डोळ्याने नाही.

क्लच केबलची एक जुनी युक्ती आहे, नवी केबल जुनीच्या शेजारूनच ओवून चिकटपट्टीने बांधून ठेवायची. तुटली की टोकं बदला आणि चला, टाकी उतरवायला नको. तसं येझदीला गिअरचा दांडा हलवला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे चालत्या गाडीत केबल तुटली तरी गिअर पडतात, पण सिग्नलला थांबून परत निघताना जे व्हायचं ते होतंच.

आता तेलपाणी. पूर्वी प्रत्येक पंपावर 2टी चं वेगळं यंत्र असायचं, दांडा फिरवला की मापात ऑइल पडायचं. आता ते विसरा. बऱ्याच पंपांवरच्या पोरांना 2टी म्हणजे काय हेच माहीत नाही, एकाने मला डिझेल गाडीचं ऑइल काढून दाखवलं. त्यामुळे पूर्ण प्रवासाचं ऑइल घरूनच न्या. मी लिटरला ३० ते ४० मिली टाकतो, हायवेला ४० च्या जवळ, इंजिन नवीन बोअर केलेलं असेल तर कंजूषपणा अजिबात नको. आधी ऑइल टाकीत, मग वरून पेट्रोल, म्हणजे धारेनेच मिसळतं, शिवाय गाडी दोन्ही बाजूंना हलवायची. माझी हायवेला २५ ते २८ चं अ‍ॅव्हरेज देते, म्हैसूर साधारण नऊशे किलोमीटर, हिशोब तुम्हीच करा आणि वर एक डबा जास्तीचा घ्या.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्या काळचं रबर यासाठी बनलेलंच नव्हतं, पेट्रोलचा पाइप, पेट्रोल कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलचं पॅकिंग फुगतं नाहीतर चिरा पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. निघायच्या आधी सगळे पाइप नवीन टाका, आणि परत आल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका. मुक्कामाला पोचलो की कॉक बंद, ही सवयच लावून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण विचारणारे फार असतात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, २० वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी २००० रुपये झाली आहे, ग्रीन टॅक्स वेगळा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही लागतेच, ती बसवताना मागच्या प्लेटला नवीन भोकं पाडू देऊ नका, पट्टी लावून बसवा. गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन करता येतं, नंबरात व्हीए येतं, पण मग ती रोज वापरता येत नाही. मला चालवायची असते, त्यामुळे वय झालं तरी मी त्या वाटेला जाणार नाही. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू असू द्या. आम्हाला रस्त्यात ज्या पोलिसाने अडवलं त्याला कागद नको होते, किक आणि गिअर एकाच दांड्यावर कसे हे बघायचं होतं.

पुणे सोडलं पहाटे. खरं म्हणजे पहाट संपता संपता, कारण ६ व्होल्टच्या गाडीचा हेडलाइट म्हणजे देवघरातलं निरांजन, उजेड पडतो पण देवापुरताच. अंधारात हायवेला या गाड्या चालवू नका, मागच्या ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही. नाहीतर १२ व्होल्टचं किट बसवून घ्या, शुद्धीवादी लोक नाकं मुरडतील, मुरडू द्यात.

खंबाटकी घाट चढताना काहीच त्रास नाही, दुसऱ्या गिअरला सावकाश. जपायचं ते उतारावर. टूस्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांबच लांब उतार उतरलात तर इंजिन फिरतंय जोरात आणि आत ऑइल जवळपास शून्य. अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा, एवढं केलं की झालं. फोरस्ट्रोकवर शिकलेल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. तसंच सपाट रस्त्याला एकाच स्पीडला तासभर ताणू नका, ६०-६५ ला ठेवा, मधेच थोडा थ्रॉटल सोडा परत घ्या, आणि साठ-सत्तर किलोमीटरला चहा. इंजिनचा आवाज बदलल्यासारखा, घट्ट झाल्यासारखा वाटला की विचार न करता क्लच दाबा, बाजूला घ्या, थंड होऊ द्या. लगेच दाबला तर बऱ्याचदा पिस्टन वाचतो.

कोल्हापूरपर्यंत सुरळीत. तिथे मिसळ खाऊन पुढे निघायचं ठरवू नका, खाऊन झाल्यावर झोप येते, मुक्कामच करा किंवा मिसळ परतीला ठेवा. निपाणी, बेळगाव रस्ता चांगला, दुचाकीला नॅशनल हायवेवर टोल नसल्याने कडेच्या लेनने सरळ निघायचं. बेळगावात काही अडलं तर मराठीत काम होतं हा मोठा आधार. एका जुन्या गॅरेजमध्ये नुसते पाना मागायला थांबलो तर मिस्त्रींनी दोन्ही गाड्या चालू करायला लावल्या, कान लावून ऐकल्या, आणि पंप्याच्या गाडीकडे बोट करून म्हणाले, "हिचं करंट बघा ओ, बाकी नवरी छान सजवलाय." पंप्याला राग आला. मला फार आवडलं ते.

हुबळी सोडून थोडं पुढे गेलो आणि पंप्याची गाडी फटफट करायला लागली. थांबली. गार झाली की एका किकमध्ये चालू, दहा-पंधरा किलोमीटरला तापली की परत तेच. प्लग बदलला, कार्ब्युरेटरचे जेट फुंकले, पेट्रोल कॉक बघितला. शेवटी कव्हर काढून किक मारून बघितलं तर पॉइंटमध्ये निळी जाड ठिणगी उडतेय, म्हणजे ती ठिणगी दाबणारा छोटा भाग, कंडेन्सर, गेलेला. तो रिस्टोरेशनच्या वेळी नवीन म्हणून घातलेला होता, दुकानाचं नाव घेत नाही. नशिबाने मूळ जुना कंडेन्सर पंप्याने आठवण म्हणून टूलबॉक्समध्ये टाकलेला, तो लावला आणि गाडी म्हैसूरपर्यंत एकदाही थांबली नाही. तर, जुना पार्ट चालू स्थितीत काढला असेल तर फेकू नका, बरोबर न्या. बाजारात मिळणारे नवीन पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल आधी आठवडाभर शहरातच चालवून, तापवून बघा. गरम झाल्यावर मिसिंग आणि गार झाल्यावर ठीक असेल तर कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी कंडेन्सर.

बाकी सामानात दोन प्लग, फिलर गेज, पॉलिश पेपर, थ्रॉटल आणि क्लच केबल, फ्यूज, तार, इन्सुलेशन टेप, चेनचं लॉक, पुढची मागची ट्यूब, एमसील. टायर ट्यूबवाले असल्याने ट्यूबलेसचं किट उपयोगाचं नाही, चाक काढायला येत नसेल तर घरीच एकदा काढून बसवून बघा.

दावणगेरेला बायपासने निघून जाऊ नका, आत जाऊन बेण्णे डोसा खा. चित्रदुर्गला पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजायचं वारा आडवा येणार, एसटीएवढ्या बसेस शेजारून गेल्या की हलकी गाडी सरकते, हँडल घट्ट न धरता सैल पण सावध. किल्ला बघायचा तर अर्धा दिवस हातात ठेवा. आम्ही पायथ्याशीच मुक्काम केला, हॉटेल निवडताना एकच अट, गाडी आत लावू देणार का.

हिरियूरला बंगळूरचा हायवे सोडून उजवीकडे वळायचं आणि १५०ए नंबरचा नॅशनल हायवे धरायचा, हुळियार, चिक्कनायकनहळ्ळी, नागमंगला, पांडवपुरा, श्रीरंगपट्टण. सगळ्या प्रवासात याच्यासारखा पट्टा नाही. नारळाच्या बागा, मधूनच तळं, गावात स्पीडब्रेकर मात्र न रंगवलेले आणि उंच, सायलेन्सर घासतात. ट्रक कमी, पन्नासला गाडी लावायची आणि दोन येझदींचा आवाज एकमेकांवर आदळत जातो, हे शब्दात नाही येत. वेळ असेल तर हिरियूरजवळचं वाणी विलास सागर धरण बघा, १९०७ चं, म्हैसूर संस्थानाने वेदावती नदीवर बांधलेलं. या रस्त्यावर पेट्रोल मिळतं, 2टी नाही.

म्हैसूरला यादवगिरी रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ आहे. कारखाना म्हणून काही बघायला मिळेल या आशेने जाऊ नका, तीस वर्षं होत आली. आम्ही त्या भागातून फक्त हळू एक चक्कर मारली. चहाच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ आले, तोडक्या हिंदीत म्हणाले मी असेंब्लीला होतो. आम्हाला वाटलं आता जुन्या आठवणी निघतील. त्यांनी पंप्याच्या गाडीभोवती फेरी मारली आणि सांगितलं की टाकीचं गुडघ्याजवळचं रबर या वर्षाचं नाही, आणि चेनकव्हरचे स्क्रू चुकीचे. माझ्या गाडीला काहीच बोलले नाहीत, नुसती किक मारून बघितली. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

परतीला पंप्याला सुट्टी नव्हती म्हणून त्याची गाडी रेल्वेने पाठवली. ज्यांना एकाच बाजूने चालवायचं असेल त्यांनी हा पर्याय जरूर धरावा. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स, पॅकिंग स्टेशनबाहेरच होतं, गोणपाट आणि पेंढा लावून. आरसे, टूलबॉक्समधलं सगळं सामान आणि टाकीचं झाकण चावीचं नसेल तर तेही काढून घ्या. हँडल लॉक लावू नका, हमालांना गाडी ढकलायची असते. क्रोमवर गोणपाटाच्या आत जुनी चादर गुंडाळा, पंप्याने गुंडाळली होती, त्याच्या सासूबाईंची.