आमची वाटचाल: आधी अर्थिंग, मग दिवे

चिपळूणमध्ये मी घरगुती वायरिंगची कामं घ्यायला लागलो तेव्हा जवळ आयटीआयचं वायरमनचं प्रमाणपत्र होतं, हत्यारांची पिशवी होती आणि एक टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये शंभर वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, दुसरं अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला की ‘अर्थिंग ठीक आहे’ म्हणायचं आणि निघायचं. माझ्या ओळखीतले सगळे तसंच करायचे.

एका घरात मी असंच सांगून आलो होतो. पुढच्या मे महिन्यात तिथल्या काकींचा फोन आला, गीझर चालू असला की नळाला हात लावताना झिणझिण्या येतात. जाऊन पाहिलं तर कॉइल फुटून गीझरच्या पत्र्यात करंट उतरलेला, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही, आणि माझा बल्ब तेव्हाही पेटत होता. काकी सुखरूप होत्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

उसनवारी करून अर्थ टेस्टर घेतला. दोन खुंट्या ठोकून मोजलं, तर अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरतात त्या खड्ड्याचा रोध 40 ओहम. 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअर. एवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही, पत्रा तसाच जिवंत राहतो. आणि शंभर वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून तो कमजोर अर्थिंगवरही पेटतो. आमच्याकडची जमीन जांभ्याची. पावसात खड्डा ओला असतो तेव्हा माप चांगलं येतं, उन्हाळ्यात खड्ड्यात भरलेला मीठ-कोळसा सुकला की तेच कितीतरी वर जातं. म्हणून आम्ही अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजतो. आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाईन तोडणारा स्विच, बसवायला तयार नसलेल्या घराचं काम घेत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली.

22 जुलै 2021 च्या पुराने आमची कामाची पद्धतच बदलली. पाणी ओसरल्यावर एका दिवसात वीस-वीस घरांतून बोलावणी. माणसं आम्ही तीन. प्रत्येक घरी एकच विनवणी, “भाऊ, आधी लाईट तरी आणा.” स्विचबोर्डांत गाळ, पाइपांत पाणी. सगळं एकदम होणं शक्यच नव्हतं, मग क्रम ठरवावा लागला. ज्याला माणसाचा हात लागतो ते पहिलं: पंप, फ्रीज, वॉशिंग मशिन, गीझर, फुटकी सॉकेटं. आग लागू शकते ते दुसरं: काळवंडलेले जोड, बारीक वायरीवर बसवलेला मोठा एमसीबी. बाकीचं सावकाश. पाण्यात बुडालेले एमसीबी-आरसीसीबी वाळवून वापरू दिले नाहीत, ते बदललेच. वायरींना 500 व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एक मेगाओहमच्या खाली आलं, तर ते सर्किट बंद ठेवलं. लोक रागावले, अंधारात राहिले. तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

त्याच दिवसांत अनेक घरांत एक भयंकर प्रकार सापडला. सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थिंगची वायरच नाही, न्यूट्रलमधूनच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीतूनच, तुकडा मारून दिलेला. टेस्ट लॅम्प लावा, छान पेटतो. पण वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, की घरातल्या कुठल्याही चालू दिव्यातून फेज मागे फिरून फ्रीजच्या दाराशी येतो. हे दिसलं की आम्ही बाकीचं काम थांबवतो.

लोक क्षुल्लक समजतात अशी एक तक्रार मी यादीत वर घालतो: एका खोलीतले दिवे मंद होतात आणि दुसरीकडचे नेमके त्याच वेळी प्रखर होतात. थ्री-फेज घरात हे न्यूट्रल सैल झाल्याचं लक्षण. ती पूर्ण सुटली तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना 400 व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. असा फोन आला तर मेन स्विच पाडून ठेवायला सांगून आम्ही लगेच निघतो.

सध्या आमचा बराच वेळ जुन्या इमारतींत जातो. तिथे अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते, आणि मधल्या काळात प्लंबरने खालचा पाइप प्लास्टिकचा केलेला असतो. वायर दिसते, गंजका क्लॅम्पही दिसतो, जमिनीशी संबंध मात्र उरलेला नसतो. अशा घरात शिरलो की आधी गीझर आणि वॉशिंग मशिनचे प्लग काढायला लावतो, आणि नवा खड्डा कुठे घेता येईल ते बघायला परसात जातो.